तीन दिवसांचं मौन

बुधवारी कचेरी सुटली तेव्हा भालचंद्राच्या डोक्यात हळदीखेरीज काही नव्हतं. बायकोनं सकाळी बजावलं होतं, हळद संपली आहे, विसरलात तर वरण पांढरं खा. बाजाराच्या तोंडाशी एक बाई गूळ घेत होती आणि तिची चार-पाच वर्षांची पोरगी भेलीला बोट लावून चाटत होती. बाईनं दोनदा दटावलं आणि तिसऱ्यांदा हात उगारला. यात नवल काहीच नव्हतं, बुलढाण्याच्या बाजारात अशा शंभर चापट्या रोज पडत असतील. पण रस्त्याच्या कडेला शेंगांचं टोपलं घेऊन बसलेली एक म्हातारी ताडकन उठली आणि तिनं त्या बाईचं मनगट वरच्यावर धरलं.

"पाठीत मार. कानावर नको मारू व माय, कानावर नको!"

"तुले काय करायचं व बुढे? माही पोट्टी आहे."

"माहाबी पोट्टाच होता," म्हातारी म्हणाली. बाजारात आपण काय बोलतो आहोत याचं तिला भान नसावं, किंवा अनेकदा बोलून बोलून लाज संपली असावी. "सात वर्साचा होता. बैलं ज्वारीत सोडले त्यानं, म्या इथं मारली. कान गेला त्याचा. मंग डोंगरात धुकं पडलं. दोस्तानं हाका मारमार मारल्या, त्या कानात गेल्या नाई. कड्यावरून गेला माहा कडूबा. लोक म्हणते डोंगरात मेला. म्या मारला त्याले. सात वर्साचा असताना मारला, चोवीस वर्साचा होऊन मेला."

ती गोजरबाई होती, कडूबाची आई. अकरा वर्षांत केस पिकून चेहरा एवढासा झाला होता, म्हणून भालचंद्राला आधी ओळखू आली नाही. आणि हाका मारमार मारणारा तो दोस्त म्हणजे भालचंद्र. तो एका बैलगाडीच्या आड झाला. कारण त्या दिवशी भालचंद्रानं हाक मारली नव्हती. एकही नाही.

हळद राहिलीच. बायकोनं, अन्नपूर्णेनं, शेजारून वाटीभर आणली. जेवताना शेजारच्या घरात ग्रामोफोन लागला आणि ती सवयीनं म्हणाली, "दार लोटू का? तुम्हाला गाण्याचं मुळातच वावडं." लग्नाला आठ वर्षं झाली होती. आपल्या नवऱ्याला स्वर कशाशी खातात ते ठाऊक नाही अशी तिची पक्की समजूत होती, आणि त्यानं ती कधी दुरुस्त केली नव्हती. एक खोटं राहू दिलं की दुसरं त्याच्या शेजारी आपोआप येऊन बसतं, त्याला बसायला पाटही मांडावा लागत नाही. तिला काय सांगणार, की याच गावात एके काळी लोक याला भालचंद्र म्हणून ओळखतच नव्हते. चारुलता म्हणत. भर रस्त्यात, कचेरीच्या पायऱ्यांवर, हजामाच्या पाटावर. "काय चारुलताबाई, आज फाइली फार का?" असं खुद्द हेडक्लार्क विचारी आणि आख्खी कचेरी हसे, आणि भालचंद्राला त्या हसण्यानं गुदगुल्या होत. मित्रानंद संगीत मंडळ दर गणपतीत एक नाटक करी, आणि नायिकेचं नाव दरवर्षी चारुलताच. नाटक भगवंतराव वकील लिहीत, पदं भगवंतराव रचत, पेटीही भगवंतरावच वाजवत. उरलेल्या वेळात वकिली. नायिकेला गळा हवा आणि गाल हवेत, असं त्यांचं म्हणणं. भालचंद्राकडे दोन्ही होते. नायिकेला पाय मात्र नकोत, असं ते म्हणत, आणि भालचंद्राचा सगळा घोटाळा पायांशीच होता.

कारण रविवार उजाडला की त्याला घरात बसवत नसे. गाव संपलं की डोंगराची सपाटी संपते आणि राजूर घाटाच्या तोंडाशी सगळी जमीन एकदम खाली जाते. तिथून कड्याकडेनं गिरड्याकडे, कधी बोथ्याच्या जंगलात, सालई आणि अंजनाच्या झाडांतून आठ-आठ, दहा-दहा मैल चालायचं, खडकावर बसून भाकरी खायची आणि ऊन कलल्यावर परतायचं. कशासाठी, हे कुणी विचारलं तर त्याला सांगता येत नसे. देवदर्शन नाही, शिकार नाही, कुणाकडे काम नाही. "गुरं राखायची असतील तर तसं सांग," असं भगवंतराव म्हणत. उन्हानं त्याची मान काळवंडे आणि गळ्यापर्यंत रंग लावताना रंगवणाऱ्याचा डबा संपे. पायांना भेगा. एकदा तर शेजेवर बसलेल्या चारुलतेचा पाय पातळाबाहेर आला आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बाई शेतावरून आल्या वाटतं!" नाटक पाच मिनिटं थांबलं. "एक तर डोंगर चढ, नाहीतर रंगभूमी," वकील म्हणाले. भालचंद्रानं मान डोलावली आणि पुढच्या रविवारी निघाला. दोन्ही सोडवत नव्हतं. त्याला वाटे, दोन्ही एकच आहे. चढावर जो दम वाढतो तोच तानेला पुरतो, आणि खडकावर बसून मोकळ्यानं गायलेला षड्ज रंगमंचावर जास्त उंच चढतो. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं काय होतं ते त्यानं ऐकलं होतं. पण आपले पाय लांब आहेत अशी त्याची खात्री होती. तरुण होता.

आणि बरोबर कडूबा असे. कडूबा घाटाखालच्या गावचा, कुणब्याचा धाकटा पोर. कचेरीत चपराशी आणि मंडळात पडदा ओढायला. पडदा तो नेहमी प्रेक्षकांच्या उजवीकडच्या विंगेतून ओढी, कारण त्याचा डावा कान पार गेलेला होता. तिथं उभं राहून प्रेक्षकांकडे तोंड केलं की चांगला कान रंगमंचाकडे येई. नायिकेचं पद लांबलं की हा तिथंच डोळे मिटून उभा, आणि पडदा पडायच्या वेळी पडत नसे. वकिलांच्या शिव्या तो त्या दुसऱ्या कानानं ऐके. "हा कान मायनं घेतला," तो एकदा सालईच्या सावलीत म्हणाला होता, "दुसरा तुह्या गाण्यापायी जाईन पाह्य." मायनं कसा घेतला ते त्यानं सांगितलं होतं, ज्वारी, बैल, सगळं हसत हसत. भालचंद्रही हसला होता. कचेरीत कडूबा त्याला बाबूसाहेब म्हणे आणि फाइल दोन हातांनी देई. घाटाच्या तोंडाशी पोचलं की पहिल्या दगडावर पाय ठेवताना म्हणे, "चाल बे भालू." ते 'बे' ऐकायला भालचंद्र आठवडाभर थांबलेला असे. आज अकरा वर्षं झाली, त्याला कुणी 'बे' म्हटलेलं नाही.

धुक्याचा करार त्यांचा दुसऱ्या पावसाळ्यातला. डोंगरावर ढग उतरला की हातभरावरचं दिसत नाही, आणि कडूबाची पंचाईत और होती. "मले आवाज येते," तो म्हणाला, "पण कोठून येते ते समजत नाई. एका कानानं दिशा कळत नाई, बे. हाक मारली का संपली. तू हाक नको मारू, गात राह्य. थांबू नको. म्या मान फिरवत फिरवत येतो. जिकडं मोठा होईन तिकडं तू." मग भालचंद्र खडकावर बसून चारुलतेचं पहिलं पद धरी, आलाप लांबवत, श्वास चोरून घेत, आणि थोड्या वेळानं पांढऱ्यातून कडूबा निघे, चेहरा आडवा, उजवा कान पुढं, आणि ओठांवर असं हसू की जणू याला कुणी हात धरून आणलं आहे. गाणं आणि डोंगर एकच आहेत असं भालचंद्राला जे वाटे, ते खरं म्हणजे त्या घटकेला वाटे.

गुरुवारी कचेरीत त्यानं एकच मसुदा तीनदा लिहिला. 'मध्यप्रांत व वऱ्हाड सरकार' असा छापील मथळा आणि त्याखाली आपलंच अक्षर, ओळखू न येणारं. गोजरबाईचं वाक्य मधेच येई. हिशेब सोपा होता आणि तो अकरा वर्षांत त्यानं कधी मांडला नव्हता. त्यानं खोटं सांगितलं होतं स्वतःला वाचवायला, असं तो समजून होता. ते खोटं हवेत विरून गेलं असंही समजून होता. खोटं विरत नाही. ते जाऊन कुणाच्या तरी घरी उतरतं. हे त्या म्हातारीच्या घरी उतरलं होतं आणि तिनं त्याला मुलासारखं सांभाळलं होतं.

कडूबा गेला त्या वर्षी, सत्तावीस साली, रंगीत तालमीला त्याचा आवाज वरच्या षड्जावर फाटला. एकदा नाही, तीनदा. चौथ्यांदा भगवंतरावांनी पेटीवरून बोटं उचलली. समोर अनंत बसला होता, शाळेतला मास्तर, गोरापान, डोंगराचा वाराही न लागलेला. त्याला सगळी पदं तोंडपाठ होती आणि तो ती ओठांतल्या ओठांत म्हणत होता. वकील म्हणाले, "तीन दिवस मौन. हूं देखील करायचं नाही. मंगळवारी रात्री गळा उघडून पाहू. नाही उघडला तर अनंता आहे." म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवारी गळ्याची परीक्षा, बुधवारी षष्ठीला प्रयोग. भालचंद्रानं गालात ज्येष्ठमधाची कांडी धरली आणि हातात पाटी घेतली. रविवारी घरात गुदमरायला लागलं. गळा बंद आहे, पाय तर मोकळे आहेत, असा त्यानं विचार केला. तो विचार त्याला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला होता. गळ्याला मफलरचे दोन वेढे देऊन तो निघाला.

पोळा होऊन तीन दिवस झाले होते. कडूबा घरून पुरणाची पोळी घेऊन आला होता आणि वाटभर एकटाच बोलत होता. "आज चारुलता मुकी झाली," म्हणाला. "साजरं झालं. नाईतर मले बोलूच देत नाई." कड्याजवळ एक झिरा होता. भालचंद्र नेहमीच्या खडकावर टेकला आणि कडूबा पाणी भरायला गेला, पन्नास-साठ पावलांवर. तेवढ्यात खालून ढग चढला. झाडं गेली, झिऱ्याची वाट गेली, आपल्या पायातल्या वहाणा गेल्या.

"भालू!" कडूबाची हाक आली. "काई दिसत नाई बे. गा."

भालचंद्रानं तोंड उघडलं. हे तो विसरू शकत नाही, की त्यानं तोंड उघडलं होतं. धुक्याची गार ओल दातांना लागली, थेट घशापर्यंत गेली, आणि त्याला अनंताचे हलणारे ओठ दिसले. त्यानं तोंड मिटलं. मनात आलं, एवढं काय, पन्नास पावलं तर आहेत, येईल. त्यानं टाळी वाजवली. समोरच्या कातळावरून टाळी परत आली, पहिलीपेक्षा मोठी होऊन.

"गा ना बे, भालू! मस्करी नको करू."

त्यानं आणखी टाळ्या वाजवल्या, जोरजोरात, तळवे झोंबेपर्यंत. आणि मग कडूबा हसला. ते हसणं अगदी जवळून आल्यासारखं वाटलं. "अरे हाव, तुले मौन आहे नाई का! म्या विसरलोच. नको गाऊ बे, गळा राख आपला. टाळ्या वाजव, म्या येतो." आणि भालचंद्र टाळ्या वाजवत राहिला, आणि कातळ त्याच्या टाळ्या कडूबाला उलट्या बाजूनं ऐकवत राहिला. मग दगड घरंगळले. आधी लहान, मग मोठे. त्यानंतर भालचंद्र ओरडला. आणि आवाज सुटला. स्वच्छ, भरीव, वरच्या षड्जाच्याही वर, कुठंही चीर नाही. गळा सुधारला होता. हे त्याला त्याच क्षणी कळलं, आणि ज्या मनाला अशा वेळीही ते कळलं त्या मनाबरोबर तो अकरा वर्षं एका घरात राहत होता.

पंचनाम्याच्या वेळी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. भगवंतरावांनीच खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तू हाका मारल्यास, त्याला ऐकू आलं नाही, असंच ना रे?" त्यांच्या मनात दयेवाचून काही नव्हतं. त्यानं मान हलवली. कागदावर उतरलं, 'मयताचा कान अधू असल्याने हाका ऐकू न येऊन'. त्यानं खाली सही केली. प्रयोग झाला नाही. पुढच्या वर्षी चारुलता अनंतानं केली, बरी केली म्हणतात. भालचंद्र पुन्हा गायला नाही आणि घाटाकडे फिरकला नाही. एवढी शिक्षा पुरे झाली असं त्यानं ठरवून टाकलं होतं. आरोपी तोच, न्यायाधीशही तोच, मग काय, निकाल सोयीचाच लागायचा.

शुक्रवार-शनिवार तो स्वतःशी भांडला. अकरा वर्षांनी सांगून काय होणार? जखमेवरची खपली निघेल. म्हातारी आज ना उद्या जायचीच. शिवाय तिला सांगायचं ते तिच्यासाठी की स्वतःसाठी? तिनं शिव्या द्याव्यात, तोंडावर थुंकावं, एवढं तरी आपल्याला मिळावं, असा हा लोभ नव्हे कशावरून? सगळे मुद्दे बिनतोड होते. आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी ती म्हातारी बाजारात उभी होती, परक्या बाईचं मनगट धरून.

रविवारी सकाळी तो घाट उतरला. पायांना वाट पाठ होती, त्याचीच त्याला लाज वाटली. दम मात्र पहिल्या वळणाला लागला. पोट सुटलं होतं, गुडघे करकरत होते. ऊन चांगलं होतं, हवा स्वच्छ होती, खालच्या शेतांतली ज्वारी दिसत होती. कड्याकडे त्यानं पाहिलं नाही. पण एका ठिकाणी अंजनाच्या झाडांतून वारा आला आणि छाती आपसूक भरली, पूर्वी पद धरण्याआधी भरायची तशी. तो मटकन रस्त्यावर बसला आणि रडला. एक गाडीवान खाली उतरून पाणी देऊन गेला.

गोजरबाई अंगणात शेंगा निवडत होती. तिची मुलगी तानुबाई, याच गावात दिलेली, चुलीपुढं भाकरी थापत होती. ओळख पटल्यावर म्हातारीचा चेहरा उजळला. "भालूबाबू! ये बापू, बस. किती वर्सानं आला रे." तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं सांगितलं. मौन सांगितलं, टाळ्या सांगितल्या, पंचनामा सांगितला. "मी हाक मारली नाही, माय. त्यानं दोनदा बोलावलं. मी गळा राखत बसलो. तुमच्या चापटीनं नाही गेला तो. मी गायलो असतो तर आला असता." कडूबाचं ते शेवटचं हसणं आणि त्यापुढचं बोलणं तेवढं त्यानं वगळलं. ते सांगणं म्हणजे मेलेल्याकडून माफी लिहून आणल्यासारखं झालं असतं, आणि माफी मागायला तो आलाच नव्हता.

गोजरबाईनं सगळं ऐकलं. मग ती उठली आणि तिनं त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

"बाजारात तू होता नं? मले वाटलंच, गाडीमागं कोणी आहे. माहं बोलणं ऐकून आला तू." ती तानुबाईकडे वळली. "पाह्य व तानु. माह्या जिवाले बरं वाटावं म्हणून पाप आपल्या डोक्यावर घेऊन राह्यला. असा दोस्त होता माह्या कडूबाचा."

"माय, मी खरं सांगतोय."

"कायले खोटं बोलतं, बापू? माह्या लेकानं मले सांगतलं होतं. भालू गायाले लागला का म्या डोळे झाकून चालतो, म्हणे. त्यानं गा म्हटलं आन् तू गायला नाई, हे होईन तरी का?" ती समजूत घालत होती. तिनं त्याला हाताला धरून बसवलं, तानुबाईनं थाळी पुढं ठेवली, गरम भाकरी, ठेचा, वाटीत दूध. "खाय. घाट उतरून आला."

तानुबाईनं त्याच्याकडे पाहून हात जोडले. हे त्याला सोसवलं नाही. आणि तिथं, जोडलेल्या हातांकडे बघताना, त्याला कळलं की आपण जे वगळलं तेवढंच या बाईला पटणार आहे. स्वतःला सोडवेल म्हणून आपण ते झाकलं, आणि तिला सोडवणारंही तेच आहे. त्यानं थाळीकडे पाहत सांगितलं, आणि सांगताना आवाज कडूबाचा झाला, तीच ओढ, तेच हेल:

"शेवटी हसला तो, माय. म्हणाला, 'अरे हाव, तुले मौन आहे नाई का! म्या विसरलोच. नको गाऊ बे, गळा राख आपला. टाळ्या वाजव, म्या येतो.'"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, पण तानुबाई हलली नाही. गोजरबाई ऐकतच होती, शब्द संपल्यावरही. लेकाचं बोलणं तिनं ओळखलं होतं; ते कुणाला रचता आलं नसतं. तिनं हात पुढं केला आणि भालचंद्रासमोरची थाळी उचलून घेतली. ती तशीच हातात धरून ती कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिली.

"तानुले तीन लेकरं झाले," ती म्हणाली. "या हाताच्या भेवानं म्या एकाही लेकराले न्हाऊ नाई घातलं."